पाणी आणणं आणि पाणी काढणं : नीरा खोऱ्यातल्या हिवाळी तयारीचा इतिहास

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



आजचा विषय आहे हिवाळ्याच्या तोंडावर सिंचनाच्या साहित्याची तयारी, आणि तोही बारामती आणि इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात. तुम्ही म्हणाल, हा तर बर्फाच्या देशातला विषय. आपल्याकडे कुठं पाइप गोठतात? बरोबर आहे. पण म्हणूनच सुरुवात आपण त्या थंड देशांपासून करू. मग नीरेच्या काठावर येऊ.

कॅनडा घ्या, अमेरिकेचा उत्तर भाग घ्या. तिथला शेतकरी हिवाळ्याआधी काय करतो? पाणी गोठलं की ते साधारण ९ टक्के फुगतं. पाइपात किंवा पंपाच्या पोटात पाणी राहिलं आणि त्याचा बर्फ झाला, तर लोखंडसुद्धा तडकतं. म्हणून थंडी कडक व्हायच्या आत तो पाइपलाइनच्या सखल जागचे कॉक उघडून पाणी सोडून देतो. जे उरतं ते कॉम्प्रेसरनं हवा मारून बाहेर काढतो. पंपाच्या तळाचा प्लग काढून ठेवतो, प्रेशर गेजसारख्या नाजूक वस्तू घरात नेतो. आपल्याच देशात लडाखला जा. तिथं २०१३ च्या सुमारास बर्फाचे स्तूप करायला सुरुवात झाली, म्हणजे हिवाळ्यात वाया जाणारं पाणी उंच ढिगासारखं गोठवून उन्हाळ्यासाठी राखायचं. तिथंही मोठी काळजी हीच, की ज्या पाइपातून पाणी येतं तो पाइपच मध्ये गोठायला नको. थोडक्यात काय, तर थंड मुलखात सिंचनाची हिवाळी तयारी म्हणजे पाणी काढून देणं.

आता आपल्याकडे या. पुण्यात नोंदलं गेलेलं सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे, १७ जानेवारी १९३५ चं. म्हणजे इतक्या कडाक्यातसुद्धा पारा शून्याच्या वरच राहिला. उलट आपल्याकडे हिवाळ्यातच पाणी सुरू करायचं असतं. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर हा रब्बी हंगाम. पाऊस संपला, जमिनीत वाफसा आला, की पाण्याची सोय बघायची. त्यामुळे आपली हिवाळी तयारी म्हणजे पाणी आणण्याची तयारी.

मला आज एकच गोष्ट मांडायची आहे. गेल्या दीडशे वर्षांत नीरा खोऱ्यातला माणूस पाणी आणण्याची तयारी फार चांगली शिकला. मोट, कालवा, इंजिन, मोटर, ठिबक, जे जे आलं ते त्यानं आपलंसं केलं. पण पाणी काढून देण्याची तयारी मागं पडली. थंड देशात हे विसरलं तर पाइप फुटतो, आणि ते दुसऱ्या दिवशी दिसतं. आपल्याकडे विसरलं तर जमीन खारावते, आणि ते दहा-वीस वर्षांनी दिसतं.

मोटेचा काळ

कालवा यायच्या आधी या भागात बागायत होती ती विहिरीवरची. बाकी सगळं रान जिरायती. भारी काळ्या जमिनीत पावसाची ओल धरून ठेवायची आणि त्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढायची. आपण तिला शाळू म्हणतो. शाळवाला वरचं पाणी लागतच नाही असं नाही, पण भारी जमिनीत ती ओलीवर आणि थंडीवर, दवावर निघते, हा शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. हे लक्षात ठेवा, कारण कालव्याच्या कथेत ते पुन्हा येणार आहे.

विहिरीवर मोट. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी, खाली तिची सोंड. वरून जाड नाडा, खालून सोंडेला बारीक दोर, त्याला सोंदूर म्हणतात. बैल धावेवरून उतरत गेले की मोट वर येते आणि सोंडेतून पाणी थारोळ्यात पडतं. तिथून पाटानं वाफ्यात.

दिवाळीच्या आसपास गहू, हरभरा, कांदा, भाजीपाला यांच्यासाठी मोट जुंपायची, तर त्याआधी काय काय करावं लागायचं बघा. पावसाळाभर मोट कोरडी टांगलेली असायची. चामडं वाळलं की कडक होतं, घडीवर तडकतं. तेव्हा ते भिजवायचं, तेल चोळून मऊ करायचं, जिथं उसवलं असेल तिथं शिवून घ्यायचं. हे काम चर्मकाराचं. नाडा झिजलेला असेल तर नवा वळायचा, ते काम मातंग कारागिराचं. चाक आणि कणा सुताराकडं, लोखंडी कडी लोहाराकडं. पावसानं धाव वाहून गेलेली असायची, तिथं मुरूम टाकून ठोकायचा, नाहीतर बैलाचा पाय घसरणार. थारोळं फुटलं असेल तर बांधून घ्यायचं.

म्हणजे एक मोट चालू करायची तर गावातले चार-पाच हात लागायचे आणि त्यांचा मोबदला बलुत्यात, सुगीला धान्यात. ही व्यवस्था गोड होती असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या कामाशिवाय विहीर चालत नव्हती, त्यांनाच त्या विहिरीवर पाणी भरायची मुभा नव्हती, हेही याच इतिहासात आहे. पण तयारी ही एकट्याची गोष्ट नव्हती, एवढं नोंदवून ठेवू.

दुसरी गोष्ट म्हणजे विहिरीतले हिस्से. एका विहिरीत चार भावांचे चार आणे. पाण्याची पाळी दिवसांवर ठरलेली. त्यामुळे धाव दुरुस्त करायची तर खर्च कुणी किती द्यायचा, यावरून भाऊबंदकी पेटायची. एकानं हात आखडता घेतला की सगळ्यांचं पाणी थांबायचं. आज चारीच्या बाबतीत आपण जे भांडण बघतो त्याचं मूळ इतकं जुनं आहे.

मोटेनं पाणी इतकं मोजकं निघायचं, की जमिनीत ते जास्त होईल ही भीतीच नव्हती. बैल थकले की पाणी बंद. पाणी काढून देण्याची तयारी करायची गरजच पडली नाही.

कालवा आला

१८७५ च्या मे महिन्यात सुप्याला सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचा उठाव झाला. इतिहासात तो दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. दुसऱ्याच वर्षी, १८७६ ला, मोठा दुष्काळ पडला. त्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून जी कामं निघाली, त्यांत नीरेचा डावा कालवा होता. वीरच्या बंधाऱ्यापासून निघून पुरंदर, बारामती करत इंदापूरपर्यंत जाणारा, सुमारे १०० मैलांचा. १८८५ च्या सुमारास पाणी सुरू झालं. नीरेला पावसाळ्यानंतर पाणी पुरायचं नाही, म्हणून वर भाटघरला येळवंडी नदीवर धरण बांधलं, ते १८९० नंतर पुरं झालं. त्या जलाशयाला एका इंजिनिअरच्या नावावरून लेक व्हायटिंग म्हणत. पुढं त्याच ठिकाणी मोठं लॉइड धरण झालं, १९२८ ला. आज आपण त्या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतो.

कालवा काढला होता दुष्काळातून वाचण्यासाठी. ज्वारी-बाजरी जगवायची, हा हेतू. पण झालं काय? बरा पाऊस झाला की शेतकरी पाणीच मागेना. सरकारी अधिकाऱ्यांना वाटलं, हे लोक आडमुठे आहेत. पण मघाशी सांगितलं ते आठवा. काळ्या जमिनीतल्या शाळवाला पाऊस बरा झालेल्या वर्षी पाण्याची निकड नसते. पाणीपट्टी भरून पाणी घ्यायचं कशाला? आणि दुष्काळ पडला की सगळेच एकदम पाणी मागायचे. कालव्याचा खर्च काही भरून निघेना.

तो भरून निघाला उसानं. उसाला बारा महिने पाणी लागतं, अडसालीला तर दीड वर्ष. पट्टीही जास्त. सासवडकडचे माळी शेतकरी कालव्याच्या कडेकडेनं खाली सरकत आले, खंडानं जमिनी घेऊन ऊस लावू लागले, गुऱ्हाळं उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मुंबई इलाख्याच्या सेवेत होते. त्यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. गावाजवळच्या ठरावीक पट्ट्यात काही वर्षांसाठी पाण्याची हमी, आणि त्या पट्ट्यात ऊस एकाच भागात न ठेवता फेरपालटानं घ्यायचा. पाणी विखरून वाया जाऊ नये आणि जमीनही दमू नये, असा दुहेरी विचार त्यात होता.

आता हिवाळी तयारीकडे या. कालव्यावर रब्बीची तयारी म्हणजे काय? पावसाळ्यात कालव्यात गाळ येतो, कडेनं गवत आणि बाभळी माजतात. भराव खेकडे आणि घुशी पोखरतात, आणि पाणी सोडलं की नेमकं तिथंच भगदाड पडतं. म्हणून पाणी सोडायच्या आधी भराव बघायचा, भोकं बुजवायची, दारांना ग्रीस द्यायचं, मोऱ्या साफ करायच्या. हे खात्याचं काम. त्यापुढची चारी आणि पोटचारी साफ ठेवणं हे पाणी घेणाऱ्यांचं काम. १८७९ च्या मुंबई पाटबंधारे कायद्यानंच शेतातले पाट सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी त्यांच्या मालकांवर टाकली होती.

मग शेतकऱ्यानं सात नंबरचा अर्ज भरायचा, किती क्षेत्र, कोणतं पीक. पाटकरी पाळी लावणार. शेजपाळी म्हणजे शेजारच्या शेजारी क्रमानं पाणी. हा क्रम पाळला तर शेवटच्याला पाणी मिळतं. चारी साफ नसेल तर काय होतं? पाणी वर तुंबतं, वरच्याच्या रानात शिरतं आणि शेवटच्याला चिखल मिळतो. इंदापूर तालुका या कालव्याच्या शेपटाकडं आहे. म्हणून बारामतीतल्या चारीत ऑक्टोबरला किती गवत काढलं, यावर इंदापुरातल्या शेतकऱ्याचा गहू अवलंबून असतो. वरच्याला चारी साफ करण्यात फायदा काही नाही, त्याला पाणी मिळतंच. खालच्याला सगळा तोटा, पण चारी त्याच्या हद्दीत नाही. ही अडचण कायद्यानं सुटलेली नाही, आणि २००५ चा शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा करून पाणी वापर संस्था काढल्या, त्या मुख्यतः हीच गाठ सोडवण्यासाठी.

जमीन खारावली

आता विषयाच्या गाभ्याशी आलो. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली नाहीत, तोवर नीरेच्या काठच्या चांगल्या काळ्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या. खालचं पाणी वर चढलं. ते पाणी उन्हानं उडून जातं, त्यातले क्षार मात्र वर राहतात. आधी जमीन पाणथळ होते, मग खारवट, आणि शेवटी चोपण. चोपण जमीन ओली असताना लोण्यासारखी, वाळली की दगड. तिच्यात नांगर चालत नाही आणि पाणी मुरत नाही.

डॉ. हॅरॉल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये पुस्तिका काढली. त्या पुस्तिकेचं साल बघा. साखर कारखाने यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढं १९१६ पासून क्लॉड इंग्लिस या इंजिनिअरच्या हाताखाली याच कालव्यांवर पाणथळ आणि निचरा या प्रश्नांचं काम सुरू झालं. खडकवासल्याला आज जी केंद्रीय जल संशोधन संस्था आहे, तिचं मूळ त्या कामात आहे. म्हणजे देशातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेचा उगम नीरेच्या काठच्या खाऱ्या जमिनीतून झाला असं म्हटलं तर फार चुकणार नाही.

कारण काय होतं? हलक्या, मुरमाड जमिनीत जास्तीचं पाणी खाली जातं आणि ओढ्याला लागतं. पण कालवा वरच्या अंगानं, आणि भारी काळी जमीन खाली नदीकाठी. कालव्यातून झिरपणारं आणि वरच्या उसातून उतरणारं पाणी खालच्या जमिनीत येऊन साठतं. तिथून बाहेर जायला वाट नाही. वरच्या शेतकऱ्यानं दिलेल्या जादा पाण्याची किंमत खालच्याची जमीन देते. शेवटाचा शेतकरी पाणी न मिळाल्यानं मरतो आणि सखलातला पाणी जास्त झाल्यानं. दोघांच्याही हातात वरचं दार नाही.

उपाय तेव्हाच सांगितला होता: चर काढा. उघडे चर, खोल नाले, त्यांना ओढ्यापर्यंत उतार. जमीन धुऊन काढा, हिरवळीचं खत गाडा, जिप्सम टाका. काही चर निघालेसुद्धा. पण चराचं एक दुखणं आहे. पाटात गाळ साठला तर त्याच आठवड्यात पीक सुकतं आणि माणूस फावडं घेऊन धावतो. चरात गाळ साठला तर लगेच काहीच होत नाही. दोन पावसाळ्यांत त्यात पाणकणीस माजतं, वेडी बाभूळ उगवते, कडेचा शेतकरी एक तास पुढं सरकवतो, आणि चर हळूहळू सातबाऱ्यावरून नाही तरी रानातून नाहीसा होतो.

इंजिन, मोटर आणि रात्रपाळी

आता साहित्याच्या इतिहासाचा पुढचा टप्पा थोडक्यात बघू. १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर वालचंद हिराचंद यांनी कारखाना उभा केला आणि वालचंदनगर वसलं. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथले सहकारी कारखाने आले. उसाला खात्रीचं गिऱ्हाईक मिळालं. त्याच काळात विहिरींवर तेलाची इंजिनं बसू लागली. किर्लोस्करांनी १९४६ ला खडकीत ऑइल इंजिनचा कारखाना काढला, आणि मोटेची धाव ओस पडत गेली.

इंजिनाची हिवाळी तयारी निराळी. गारठ्यात सकाळी इंजिन लवकर सुरू व्हायचं नाही, हँडल मारून खांदे दुखायचे. थंड देशात इंजिनाच्या जॅकेटमधलं पाणी गोठून ते फुटेल ही भीती. आपल्याकडे त्याच जॅकेटमध्ये जड पाण्याची खपली बसते आणि इंजिन तापतं. इथं फरक बघा. तिकडं हिवाळ्यात पाण्याचं रूप बदलतं, म्हणून नुकसान. इकडं पाण्यात जे विरघळलेलं आहे ते मागं राहतं, म्हणून नुकसान. जमीन आणि जॅकेट, दोन्हीकडं गुन्हेगार एकच, क्षार.

मग वीज आली आणि मोटर आली. पावसाळाभर बंद राहिलेल्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल धरते. तशीच चालू केली की जळते. म्हणून जाणता माणूस आधी तपासून घेतो, गरज पडली तर बल्ब लावून मोटर वाळवतो. ग्लँडची दोरी बदलतो, फूटव्हॉल्व्ह काढून त्यातला कचरा साफ करतो. फूटव्हॉल्व्ह गळत असेल तर शेणाचा काला ओतून पंप भरून घेण्याची युक्ती तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. १९८० ला उजनी धरण झालं आणि इंदापूरच्या पूर्वेला पाण्याचा फुगवटा आला. तिथं तर हिवाळ्यापासून मोटर पाण्याच्या मागं न्यावी लागते. पाणी ओसरत जातं तसा पाइप वाढवायचा आणि मोटर पुढं सरकवायची, हे काम थेट उन्हाळ्यापर्यंत.

आणि थंडी? थंडी इथं पाइपाला लागत नाही, माणसाला लागते. शेतीपंपाला वीज रात्रीची असली की डिसेंबरच्या मध्यरात्री दारं धरायला रानात जावं लागतं. गार पाण्यात पाय, हातात बॅटरी, साप-विंचवाचं भय. ऑटोस्विच लावून माणसं घरी झोपू लागली. पण मग काय झालं? वीज आली की मोटर आपोआप सुरू, आणि पाणी सकाळपर्यंत एकाच सरीत. आराम मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण जमिनीत जाणारं जास्तीचं पाणी वाढलं, ते कुणाच्या हिशेबात आलं नाही.

मोटेच्या काळात तयारीला चार घरं लागत होती. आता प्रत्येकाची मोटर स्वतंत्र, पाइपलाइन स्वतंत्र, मिस्त्रीही स्वतंत्र. पाणी आणण्याची तयारी एकट्याला करता येऊ लागली, ही मोठीच सुटका आहे. पण पाणी काढून देण्याची तयारी एकट्यानं होत नाही. माझा चर तुमच्या रानातून गेल्याशिवाय ओढ्याला पोचत नाही. नेमक्या त्याच काळात एकत्र येण्याची सवय सुटली.

ठिबकची तयारी

इस्राएलमध्ये १९६० च्या दशकात ठिबकचं व्यापारी उत्पादन सुरू झालं. महाराष्ट्रात ते १९८० च्या दशकात रुजलं. द्राक्ष, डाळिंब आणि आता उसालाही ठिबक आहे. बारामतीच्या कृषी विकास प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी या भागात त्याच्या प्रसाराला हात दिला.

गंमत अशी, की ठिबकमुळं आपली हिवाळी तयारी पहिल्यांदाच थंड देशांच्या तयारीसारखी झाली. म्हणजे बघा, पावसाळ्यानंतर ठिबक चालू करताना आपण काय करतो? वाळूचा फिल्टर उलट्या प्रवाहानं धुतो. मेन आणि सबमेनचे फ्लश व्हॉल्व्ह उघडतो. लॅटरलची टोकं उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडून देतो. उंदरांनी कुरतडलेल्या जागी जोड घालतो. ड्रिपरमध्ये क्षार बसले असतील तर आम्ल प्रक्रिया. पाण्याचा सामू साधारण ४ पर्यंत उतरेल इतकं आम्ल सोडायचं, काही तास ते नळ्यांत राहू द्यायचं आणि मग पुन्हा सगळं फ्लश करायचं. शेवाळ असेल तर क्लोरीन. इथं दोन सूचना ध्यानात ठेवा. आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही. आणि आम्ल व क्लोरीन कधीही एकत्र करायचं नाही, विषारी वायू तयार होतो.

म्हणजे काय करतो आपण? साचलेलं बाहेर काढतो. पाण्याला शेवटची वाट मोकळी करून देतो. नळीच्या बाबतीत आपण हे तत्त्व मान्य केलंय. नळीचं टोक वर्षातून एक-दोनदा उघडलं पाहिजे, नाहीतर ती चोंदते, हे आज शाळकरी पोरगाही सांगेल. जमीनही अशीच एक मोठी नळी आहे. तिचंही एक टोक आहे, ते म्हणजे चर, नाला, ओढा. ते टोक आपण उघडतो का, हा माझा प्रश्न आहे.

अलीकडे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याची पद्धत आली आहे. चांगली आहे. पण त्या पाइपांचं पाणी शेवटी ज्या ओढ्यात पडायचं, तो ओढाच बुजला असेल तर? म्हणून १५ ऑक्टोबरच्या आधी गावानं एक दिवस चारीला द्यावा आणि एक दिवस चराला. चारीचा दिवस आपण कसाबसा देतो. चराचा दिवस १९१० पासून बाकी आहे.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न : ठिबक आल्यावर आता निचऱ्याची गरज उरली नाही, असं म्हणतात. खरं आहे का?

उत्तर : अर्धं खरं. ठिबकनं जादा पाणी खाली जाणं कमी होतं, त्यामुळे पाणी वर चढण्याचा वेग नक्कीच कमी होतो. पण विहिरीचं पाणी क्षाराचं असेल तर ते क्षार ओल्या भागाच्या कडेला साठत जातात. चांगला पाऊस झाला की ते धुऊन खाली जातात, पण धुतलेलं पाणी जायला वाट हवीच. आणि जी जमीन आधीच पाणथळ आहे, ती नुसत्या ठिबकनं सुधारत नाही. शिवाय वरच्या रानात मोकाट पाणी चालू असेल, तर खालच्यानं एकट्यानं ठिबक करून त्याचा प्रश्न सुटत नाही.

प्रश्न : कडाक्याच्या थंडीत पिकाला रात्री पाणी द्यावं असं जुनी माणसं सांगायची. त्याला आधार आहे का?

उत्तर : आहे. ओली जमीन दिवसाची ऊब जास्त धरून ठेवते, आणि विहिरीचं पाणी थंडीत हवेपेक्षा उबदार असतं. म्हणून थंडीची लाट आली की हलकं पाणी देतात. नाशिककडं, निफाड भागात, द्राक्षबागांना असं पाणी देतात आणि पहाटे बागेत धूरही करतात. पण हलकं पाणी म्हणजे हलकं. थंडीत पिकाची पाण्याची गरज मुळातच कमी असते. थंडीच्या नावाखाली सरी भरून पाणी दिलं, तर पीक एका रात्रीपुरतं वाचेल आणि सखलातल्या शेजाऱ्याच्या रानात आणखी थोडा क्षार वर येईल.